माप न विचारता आणलेले बूट

आईने माझ्या लग्नाच्या बुटांत हरभरे भिजत घातले, तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, "देशी की काबुली?"

"देशी," आई म्हणाली. "काबुली फार फुगतात. शिवण उसवायची."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा पेपरात गेले. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला विचित्र म्हणायची पद्धत नाही. ती नीट होते आहे ना, एवढंच बघतात.

आईची कृती अशी होती: प्लास्टिकच्या पिशवीत हरभरे घालायचे, पाणी घालायचं, पिशवीला गाठ मारून ती बुटाच्या नाकात कोंबायची. हरभरे फुगतील, बूट सैलावेल. सकाळी बूट सैलावला होता. बाबांच्या मते थोडासा, आईच्या मते चांगलाच, आणि माझ्या करंगळीच्या मते अजिबात नाही. मग आईने पिशव्यांतलं पाणी बदलून त्या परत आत कोंबल्या. दुसऱ्या दिवशी हरभऱ्यांना मोड आले.

"टाकून द्यायचे की काय?" आई म्हणाली. "पिशवीत होते. बुटाला कुठे शिवलेत?"

दुपारी जेवायला उसळ होती. बाबांनी दोनदा घेतली. मी तेव्हा सोलापुरात आईवडिलांकडेच राहत होतो. नवऱ्या मुलाचं केळवण लोक श्रीखंड-पुरीने करतात, माझं माझ्याच बुटांतून निघालेल्या उसळीवर झालं. याला आता आठ वर्षं झाली, पण मोड आलेले हरभरे दिसले की माझी करंगळी अजून आपोआप आत वळते.

हे बूट मला सासऱ्यांनी दिले होते. तेव्हा ते सासरे व्हायचे होते आणि होतील याची खात्री नव्हती, खरी भानगड तीच होती.

दिगंबर क्षीरसागर, म्हणजे स्वरूपाचे अप्पा, करमाळ्याचे. आयुष्यभर त्यांनी सरकारी जमीन मोजणीचं काम केलं. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊ अप्पांनी खुणेचा दगड रोवला की कुऱ्हाडी खांद्यावर टाकून घरी जायचे. अप्पांची मोजणी चुकली असं तालुक्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा ते घरातल्या वस्तूंकडे वळले. त्यांनी कलिंगड कापलं की फोडी एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटायच्या. भाकरी ताटात पडली की ते एक नजर टाकून म्हणायचे, "आज अर्धं बोट लहान आहे." काकू, म्हणजे स्वरूपाची आई, म्हणायच्या, "मग अर्धं बोट कमी जेवा."

आणि अशा माणसाच्या मुलीने ठरवलं होतं माझ्याशी लग्न करायचं. मी काय करत होतो? जाहिरातींना आवाज देत होतो. साड्यांचा सेल, गाद्यांचा सेल, मूळव्याधीवर खात्रीशीर उपचार. गावोगावच्या घंटागाड्यांवर "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा" असं जो माणूस सकाळी सकाळी ओरडतो, तोही मीच. स्वरूपाने मला पहिल्यांदा घरी नेलं त्या दिवशी मी आत पाऊल टाकताच अप्पा उठून गेले, आणि परत येऊन बसले तरी माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्या शांततेत बाहेरून घंटागाडी आली आणि माझ्याच आवाजात घरातल्या सगळ्यांना कचरा बाहेर आणायला सांगू लागली.

"अप्पा, हा आवाज सलीलचा," स्वरूपा अभिमानाने म्हणाली.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "कचरा देऊन ये."

त्यानंतर वर्षभर त्यांनी त्या घरात माझं नाव घेतलं नाही. नकार नाही, होकार नाही. स्वरूपाने विषय काढला की ते कलिंगड कापायला घ्यायचे, आणि कलिंगडाचे दिवस संपले तेव्हा पपई. मग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस काकूंचा फोन आला, "रविवारी आईवडिलांना घेऊन या." आम्ही गेलो, साखरपुडा झाला, आणि अप्पांनी माझ्यासमोर एक खोकं ठेवलं. आत तपकिरी चामड्याचे, लेसचे, आरशासारखे बूट.

"अप्पांनी माप न विचारता आणलेत हं!" स्वरूपाची मावशी सगळ्यांना सांगत सुटली. "माप न विचारता!"

अप्पा माझ्याशी आयुष्यातला पहिला शब्द बोलले, "घाला."

मी पाय घातला. म्हणजे पायाचा जो भाग जाऊ शकत होता तो घातला, आणि उरलेला दात-ओठ खाऊन मागून ढकलला. आत पाचही बोटं एकमेकांच्या मांडीवर बसली. अख्खी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. अप्पा बुटाकडे बघत होते.

"कसे आहेत?"

"अगदी मापात," मी म्हणालो. गाद्यांच्या सेलला लावतो तोच आवाज लावला.

अप्पांच्या मिशीचा एक कोपरा किंचित वर गेला. स्वरूपाने नंतर सांगितलं की याला त्यांच्या घरात हसणं म्हणतात. वर्षभराने मिळालेलं ते हसू मी एक नंबर लहान बुटात उभा राहून घेतलं होतं. आता ते परत करणं शक्य नव्हतं.

बूट बदलून आणावेत, तर दुकानदार अप्पांच्या ओळखीचा. चौकातल्या चांभाराकडे द्यावेत, तर स्वरूपाची ती मावशी आमच्या समोरच्याच घरात राहायची. गल्लीतली कुठलीही चप्पल तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय चौकात पोचत नसे. स्वरूपा नोकरीसाठी तिच्याकडेच राहत होती, म्हणून तर आमची ओळख झाली. त्यामुळे जे करायचं ते घरात.

हरभऱ्यांनंतर बटाटे झाले. सोललेला बटाटा रात्रभर बुटात ठेवायचा, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. बूट होता तसाच राहिला, बटाट्याला मात्र बुटाचा आकार आला. मग मी बाबांचे दोन लोकरी मोजे चढवून बूट घालून मे महिन्यात घरभर फिरलो. मी घामाघूम झालो. बूट कोरडे राहिले.

अशाच एका फेरीत स्वरूपा दारात येऊन उभी राहिली.

"बूट घट्ट आहेत ना?"

"छे."

"साखरपुड्याला तू जिना उलटा उतरलास, सलील. शिडीवरून उतरतात तसा."

"ती माझी सवय आहे."

"काढ."

मी बूट काढले. मोजे काढले. तिने माझ्या टाचेकडे बघितलं आणि जमिनीवर बसली. ती हसेल असं मला वाटलं होतं.

"अप्पांना सांगू?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? वर्षभराने त्यांनी काहीतरी दिलंय मला. आणि तेही नुसत्या नजरेने मापून. त्यांना काय सांगणार, तुमची मोजणी चुकली? जावयाने?"

"अप्पा मोजणीत चुकत नाहीत, तेवढं खरंय," ती विचारात पडून म्हणाली. "म्हणजे तुझा पाय चुकला."

"पाय लग्नानंतर बदलून घेऊ. आत्ता वेळ नाही."

तिने पर्समधून केस वाळवायचं यंत्र काढलं. ती तयारीनेच आली होती. मी मोजे चढवून, बूट घालून पाय लांब करून बसलो आणि ती गरम हवा बुटांवर सोडत राहिली. दर दोन मिनिटांनी "बोटं हलव" म्हणायची. मी हलवायचो. खरं म्हणजे मी मनातल्या मनात हलवायचो, आत जागा नव्हती. समोर पायाशी बसलेली, कपाळावर घाम, दातांत क्लिप धरलेली, अत्यंत गंभीर चेहऱ्याने माझे बूट तापवणारी ती बाई बघून मला वाटलं, अजून एक नंबर लहान असते तरी चाललं असतं.

शेवटचा उपाय फ्रीझरचा. पिशवीत पाणी भरून ती बुटात ठेवायची आणि बूट बर्फाच्या कप्प्यात. पाण्याचा बर्फ होताना ते पसरतं, बुटाला रेटतं. हे शास्त्र बाबांचं. आईने कप्प्यातले मटार बाहेर काढले आणि बूट आत ठेवले.

त्याच दुपारी मावशी आली. आई सरबत करायला उठली, तेवढ्यात "बसा हो तुम्ही, बर्फ मी काढते" म्हणत मावशीने घरच्यासारखा फ्रीझर उघडला.

तिने वाकून आत पाहिलं.

"अहो," मावशी म्हणाली, "यात बूट आहेत."

"हो," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका सरळ होता की मी आवाजाच्या धंद्यात असूनही तसा सूर मला आजवर लावता आलेला नाही. "आमच्यात रीत आहे. नवऱ्या मुलाचे बूट लग्नापर्यंत थंड ठेवायचे. मुलगा पुढे डोकं तापवून घेत नाही."

"अगबाई! किती छान. आमच्यात नाही हो असं."

"आमच्यातही आता थोड्याच घरांत राहिलंय," बाबा पेपराआडून म्हणाले.

बर्फाने मात्र काम केलं. बूट कणभर का होईना सैलावले. बोटं अजून एकमेकांच्या मांडीवरच होती, पण आता निदान आळीपाळीने बसत होती. आम्ही करमाळ्याला निघालो तेव्हा मला आशा होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही गावात उतरलो. रीत अशी की वऱ्हाडाने मारुतीच्या देवळापाशी थांबायचं, तिथून वाजत गाजत मुलाला कार्यालयापर्यंत न्यायचं आणि तिथे मुलीच्या आईवडिलांनी त्याचे पाय धुवायचे. सीमांत पूजन. देवळापाशी मावशी आमची वाटच बघत होती. हातात थर्माकोलचं भलंमोठं खोकं.

"बूट द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"बर्फ आणलाय! मी अप्पांना तुमची रीत सांगितली. ते म्हणाले, वऱ्हाडाची एकही रीत आपल्या दारात मोडता कामा नये. सकाळपासून स्वतः उन्हात हिंडले. शेवटी कुल्फीवाल्याकडे मिळाला."

मी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांकडे पेपर नव्हता, त्यामुळे त्यांना आकाशाकडे बघावं लागलं. आई म्हणाली, "दे बाळा."

बँडवाले जमेपर्यंत माझे बूट बर्फात पुरून ठेवले होते. घातले तेव्हा चामड्याचा पत्रा झाला होता. बँड सुरू झाला. वर मे महिन्याचं ऊन, मध्ये शेरवानी आणि खाली हिमालय. माझी चाल बघून पोरं नाचायची थांबली. "नवरदेव ठेक्यात चालतोय," असं कुणीतरी कौतुकाने म्हणाल्याचं आठवतं. कार्यालय येईपर्यंत डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि उजवीचा वाटेवर होता.

अंगणात शहाबादी फरशीवर चौरंग मांडला होता, पुढे परात. मला बसवलं, बूट काढायला लावले, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आता अप्पा माझे पाय हातात घेणार. मोजे काढणार. उघड्यावर, दोन्ही घरच्या माणसांच्या देखत.

माझ्यातला समाजसुधारक जागा झाला.

"अप्पा, खरं तर मोठ्यांनी लहानांचे पाय धुणं मला तत्त्वतः पटत नाही."

"किती विचारी मुलगा!" मावशी म्हणाली.

"हात जोडले तरी भावना पोचते," मी पुढे रेटलं.

अप्पा खाली पाटावर बसले होते. पांढरा सदरा, चष्मा नाकावर, बाही कोपरापर्यंत सारलेली. मोजणीला बसावं तसे.

"पाय," ते म्हणाले.

दारात उभी असलेली स्वरूपा मला दिसली. तिने डोळे मिटून घेतले.

अप्पांनी माझा डावा पाय उचलला, मोजा काढला आणि थांबले. काकूंनी कलंडवलेला तांब्या तसाच राहिला. टाचेवरचं कातडं सोललेलं होतं, करंगळी लाल होऊन शेजारणीखाली दडलेली. अप्पांनी अंगठ्याने करंगळीजवळ हलकेच दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

"सलीलराव, मोजणीत खोटी साक्ष चालत नाही. दुखतं?"

त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. मी म्हणालो, "हो."

"कधीपासून?"

"साखरपुड्यापासून."

अप्पांनी चष्मा वर सारला. काकूंना म्हणाले, "पाणी घाल." पायावर पाणी पडलं. त्यांनी फोडाला धक्का न लावता, बाळाचे पाय धुवावेत तसा तो पाय धुतला. मग म्हणाले, "आता हा फरशीवर ठेवा. पूर्ण. उचला."

मी ठेवला, उचलला. शहाबादी फरशीवर ओला ठसा उमटला. अप्पांनी वीत टाकून तो मोजला आणि नुसतेच बघत बसले. आम्हीही बघायला लागलो. सगळं वऱ्हाड वाकून एका पावलाचा ठसा वाळताना बघत होतं. आधी कडा गेल्या. मग करंगळी नाहीशी झाली. टाच आत आत सरकत आली. अप्पांनी परत वीत टाकली. ठसा बोटभर लहान झाला होता.

"सापडलं," अप्पा म्हणाले. "मी टेप आणायला आत गेलो होतो. टेप जागेवर नव्हती, शिवणाच्या डब्यात निघाली. येईपर्यंत एवढा वाळला असणार." मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी आहे. माझी मोजणी चुकली. या मुलाने ती पायावर घेतली."

एखाद्याने घड्याळात बघून वेळ सांगावी, इतक्या सरळपणे म्हणाले. ज्या वाक्यापासून त्यांना वाचवायला मी माझी दहाही बोटं पणाला लावली होती, ते वाक्य त्यांनी एका दमात म्हणून टाकलं आणि परत खाली बसले. त्यांच्यात तसूभरही फरक पडला नव्हता. उलट मला ते आणखी उंच वाटायला लागले, आणि ते तर पाटावर बसलेले होते.

मग माझी ट्यूब पेटली.

"पण अप्पा, हा ठसा तुम्ही कधी मोजलात?"

"तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा. बाहेर पाय धुवून आत आलात. ओल्या पायांनी."

"तेव्हा? तेव्हा तर तुम्ही माझ्याशी बोललासुद्धा नाहीत. मी आत पाऊल टाकलं आणि तुम्ही उठून निघून गेलात!"

"टेप आणायला," अप्पा म्हणाले. "पाय धुवायला स्वरूपाने तुम्हाला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी दिला होता. ती मलाही एका हाताने देते. म्हटलं, बूट लागणार."

दारातून हुंदका आला की हसू, ते मला अजून स्वरूपाने सांगितलेलं नाही.

"मग वर्षभर?" माझा आवाज चिरकला. गाद्यांचा सेल, मूळव्याध, घंटागाडी, सगळे आवाज एकदम लागले. "वर्षभर तुम्ही काहीच का नाही बोललात?"

अप्पांनी परातीच्या कडेचा पंचा उचलून माझा पाय टिपला. बोटांच्या फटी एकेक करून कोरड्या केल्या.

"मोजणी झाली म्हणून लगेच हद्द कायम करत नाहीत," ते म्हणाले. "हरकतींना मुदत द्यावी लागते."

"कुणाची हरकत आली?"

"माझीच होती. ऐकून घेतली. फेटाळली." त्यांनी हात पुढे केला. "दुसरा पाय."